अग्निगोल दिसला, आता पुढे काय? खानदेशातून अशनीची वाट आणि कक्षा कशी काढायची

29 जून 1843 रोजी पूर्णाकाठी, एदलाबादजवळच्या मानेगावला आकाशातून दगड पडला. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. त्या दगडाचे मोजके तुकडे संग्रहालयांत जपलेले आहेत. तो डायोजेनाइट जातीचा आहे आणि या जातीचे दगड वेस्टा या लघुग्रहाच्या कवचातून निघालेले मानले जातात. पण मानेगावचा दगड सूर्याभोवती कोणत्या कक्षेत फिरत होता, हे आता कधीच काढता येणार नाही. ती वाट मोजायचं साधनच तेव्हा नव्हतं.

7 एप्रिल 1959 रोजी चेकोस्लोव्हाकियात प्रिब्रामला अशनी, म्हणजे आकाशातून जमिनीवर पोचलेला दगड, पडला. झ्देनेक त्सेप्लेखा यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या कॅमेऱ्यांत टिपलेल्या फोटोंवरून त्याची कक्षा काढली. हाती आलेल्या दगडाची कक्षा फोटोंवरून कळण्याची ती पहिली वेळ. त्यानंतरच्या काळातही असे दगड काही डझनच जमले. आज खानदेशात पेट्रोल पंपावर, जिनिंगच्या आवारात, केळीच्या पॅकिंग शेडवर, ग्रामपंचायतीच्या दारात रात्रभर कॅमेरे चालू असतात. पुढचा अशनी इथे पडला तर तो न मोजता जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: दिशा माणसं सांगू शकतात, वेग मात्र कॅमेऱ्यालाच विचारावा लागतो. दिशांवरून दगड पडल्याची जागा कळते. कक्षेला वेग लागतो. दोन्हीसाठी माहिती गोळा करायची रीत वेगळी आहे.

पहिले दोन दिवस

स्वतः अग्निगोल, म्हणजे खूप तेजस्वी उल्का, पाहिला असेल तर जागेवरून हलू नका. मोबाइलवर वेळ बघा आणि मनात आकडे मोजत आवाजाची वाट पाहा. पाच मिनिटं तरी थांबा. प्रकाश दिसल्यानंतर दोन ते चार मिनिटांनी गडगडाट आला तर तुकडा वातावरणात बराच खाली उतरला होता आणि जमिनीवर दगड असण्याची शक्यता चांगली आहे. उंचावरून येणारा आवाज सेकंदाला सरासरी 0.3 किलोमीटर धरा. दोन मिनिटं लागली तर अंतर सुमारे 36 किलोमीटर. काही जण सांगतात की दिसत असतानाच सूंऽऽ असा आवाज आला. तेही लिहून घ्या, पण अंतर काढायला तो आवाज वापरू नका.

मग तुम्ही उभे होता त्या जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टिपा आणि तिथूनच आकाशाचा एक फोटो काढून ठेवा, समोरची झाडं आणि घरं दिसतील असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी सीसीटीव्हीच्या मागे लागा. डीव्हीआरमधलं, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या पेटीतलं, रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. माणसांची आठवण दोन आठवडे थांबू शकते, डीव्हीआर थांबत नाही. मालकाला समजावून सांगा आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेला व्हिडिओ किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल मोजमापाला फारशी उपयोगाची नसते, कारण त्यात फ्रेम गळतात आणि वेळेची नोंद जाते. डीव्हीआरचं घड्याळ बहुतेक ठिकाणी चुकलेलं असतं. त्याच्या स्क्रीनशेजारी अचूक वेळ दाखवणारा मोबाइल धरा आणि दोन्ही एका फोटोत घ्या. फरक किती सेकंदांचा, ते त्या फोटोवरून कायमचं कळतं.

दिसलं ते खरंच उल्का होती का, हेही याच वेळी तपासा. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्रावरून जळत गेलेली रांग बऱ्याच लोकांना उल्कावर्षाव वाटली. तो चिनी रॉकेटचा टप्पा होता आणि त्याचे धातूचे भाग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीच्या परिसरात सापडले. ओळख सोपी आहे. कक्षेतून उतरणारं रॉकेट सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेगाने, जवळजवळ आडवं जातं आणि मिनिटभर दिसत राहतं. अशनीचा वेग 11 किलोमीटरपेक्षा कमी नसतो आणि बहुतेक वेळा सगळा खेळ दहा सेकंदांच्या आत संपतो.

माणसांना कसं विचारायचं

खानदेशात यासाठी सगळ्यात चांगला साक्षीदार म्हणजे रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला गेलेला शेतकरी. तो उघड्यावर असतो, आजूबाजूला अंधार असतो आणि आपण नेमके कुठे उभे होतो हे त्याला पक्कं माहीत असतं, कारण स्टार्टरची पेटी जागची हलत नाही. लाइट किती वाजता आली हे आठवत असल्याने वेळही बऱ्यापैकी बरोबर मिळते.

त्याच्याकडे जाऊन "किती अंशावर होता?" असं विचारू नका. "नाना, तुम्ही होतात तिथेच उभे राहा आणि बोटाने दाखवा, पहिल्यांदा कुठे दिसला?" असं विचारा. मग "विझला तेव्हा त्या निंबाच्या डावीकडे होता की उजवीकडे? टाकीच्या वर की खाली?" प्रत्येक साक्षीदाराला त्याच्याच जागेवर नेऊन विचारायचं. चहाच्या टपरीवर चौघांना एकत्र विचारलं तर तिघं पहिल्याचंच उत्तर देतात.

जवळपास प्रत्येक गावात "आमना वावरमाच पडना" असं ठामपणे सांगणारं कोणीतरी भेटेल. त्याला खोटं पाडू नका. अग्निगोल विझतो तेव्हा तो वीस-तीस किलोमीटर उंचीवर असतो आणि शंभर किलोमीटर लांबूनही तो क्षितिजावरच्या झाडामागे उतरल्यासारखा दिसतो. त्या माणसाने दाखवलेली दिशा मात्र मोलाची असते, ती टिपून घ्या.

कोन मोजायला होकायंत्र आणि उतार मोजणारं मोबाइल अ‍ॅप पुरतं. मोबाइलचं होकायंत्र लोखंडाजवळ फसतं. मोटारसायकल, विजेचा खांब, पाइपांचा ढीग यांपासून दहा पावलं दूर जाऊन मापा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एक अंशाहून कमी आहे, त्यामुळे साक्षीदारांच्या मोजमापात त्याची काळजी नको.

साधन नसेल तर हात आहे. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश झाकते आणि ताणलेली वीत सुमारे 20 अंश. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून आधी आपली वीत ध्रुवताऱ्यावर तपासून घ्या. ध्रुवाची उंची त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते आणि जळगाव 21 अंशांवर आहे. म्हणजे क्षितिजावर अंगठा टेकवला की करंगळी ध्रुवाच्या जवळपास यायला हवी. किती कमी-जास्त पडते ते एकदा कळलं की हात कायमचा भरवशाचा होतो.

माणसं उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, हमखास वाढवून सांगतात. 20 अंशांवरची गोष्ट "अर्ध्या आभाळात होती" अशी आठवते. त्यामुळे तोंडी आकड्यापेक्षा झाड, शिखर, मोबाइल टॉवर यांच्या आधाराने मोजलेला कोनच धरा. शेवटच्या बिंदूला सुरुवातीच्या बिंदूपेक्षा जास्त वजन द्या. सुरुवातीला नजर दुसरीकडे असते, शेवट सगळ्यांनी पाहिलेला असतो.

कॅमेऱ्यातून कोन काढणं

कॅमेरा अजून त्याच जागी, त्याच कोनात आहे ना, हे आधी पाहा आणि काम होईपर्यंत हलवू नका म्हणून विनंती करा. चित्रातला प्रत्येक ठिपका आकाशातल्या कोणत्या दिशेला आहे हे ठरवण्यासाठी तारे लागतात, आणि सीसीटीव्हीला तारे सहसा दिसत नाहीत. यावर दोन उपाय आहेत. चंद्र, शुक्र, गुरू हे चित्रातून जात असतील तर पुढच्या काही रात्री त्यांच्या जागा वेळेसह नोंदवा. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या वेळचे दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेला कोन, आणि उन्नतांश मिळतात. नाहीतर कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून रात्री चांगल्या कॅमेऱ्याने लांब एक्स्पोजरचा फोटो घ्या. त्यात तारेही हवेत आणि सीसीटीव्हीत दिसणारा छपराचा कोपरा, टॉवर, तारांचा खांब हेही. ताऱ्यांवरून या वस्तूंच्या दिशा कळतात आणि वस्तूंवरून सीसीटीव्हीच्या ठिपक्यांच्या. चित्राच्या कडेला भिंग रेषा वाकवतं, म्हणून आधाराच्या वस्तू मधोमधच नकोत, चित्रभर पसरलेल्या हव्यात.

अग्निगोल चौकटीत नसला तरी फाइल टाकून देऊ नका. आवारात खांबाची सावली सरकताना दिसत असेल तर तिच्यातूनही उत्तर निघतं. 15 फेब्रुवारी 2013 च्या चेल्याबिन्स्कच्या स्फोटानंतर अभ्यासकांनी सावल्याही मोजल्या होत्या. सावली पडते त्याच्या बरोबर उलट दिशेला अग्निगोल. खांबाच्या उंचीला सावलीच्या लांबीने भागलं की उन्नतांशाची टॅन किंमत मिळते. 8 मीटरचा खांब आणि 11 मीटरची सावली असेल तर अग्निगोल 36 अंशांवर होता. फरशीचे चौकोन मोजून सावलीची लांबी टेपइतकी बरोबर काढता येते. जमीन सपाट आहे ना, एवढं जागेवर जाऊन बघा.

नकाशावर रेषा

एक काल्पनिक उदाहरण पूर्ण सोडवू. डिसेंबर, रात्रीचे सव्वादोन. धुळे आणि जळगाव इथून एकच अग्निगोल दिसला. दोन्ही शहरांत सरळ रेषेत सुमारे 80 किलोमीटरचं अंतर आहे, त्रिकोण करायला ते छान पुरतं.

शेवटचा बिंदू जळगावहून दिगंश 315 अंशांवर दिसला, म्हणजे बरोबर वायव्येला, उन्नतांश 28. धुळ्याहून दिगंश 39.5 आणि उन्नतांश 24.5. दोन्ही गावांतून त्या दिशांना नकाशावर रेषा ओढा. त्या चोपड्याच्या वायव्येला, सातपुड्याच्या पायथ्याकडे एकमेकींना छेदतात. जळगावपासून ती जागा साधारण 57 किलोमीटर, धुळ्यापासून 66. आता अंतर गुणिले उन्नतांशाची टॅन किंमत केली की उंची मिळते. जळगावचं उत्तर 30 किलोमीटर, धुळ्याचंही 30. दोन्ही जुळली, म्हणजे मोजमाप विश्वासाचं. पृथ्वीच्या गोलाईमुळे या अंतरावर उंचीत 0.3 किलोमीटरचीच भर पडते, पण 200 किलोमीटरवरून पाहिलं असेल तर 3 किलोमीटर मिळवावे लागतात. आवाजाशीही पडताळा घ्या: त्या बिंदूपासून चोपड्याला गडगडाट दोन मिनिटांनी पोचायला हवा, धुळ्याला चार मिनिटांनी.

कोनात 5 अंशांची चूक झाली तर 60 किलोमीटरवर जागा 5 किलोमीटरने सरकते. म्हणून दोन साक्षीदारांवर थांबू नका. शिरपूर, अमळनेर, नंदुरबार, सेंधवा, जमेल तिथून दिशा मिळवा.

सुरुवातीच्या बिंदूचा घोटाळा इथे नेहमी होतो. धुळेकराला अग्निगोल आधी दिसला आणि जळगावकराला नंतर, तर दोघांचा "पहिला बिंदू" एक नसतोच. त्यामुळे बिंदू जुळवत बसू नका, प्रतलं छेदा. एका साक्षीदाराला दिसलेली अग्निगोलाची रेघ आणि त्याचा डोळा यांतून एक सपाट प्रतल जातं. दुसऱ्या साक्षीदाराचं दुसरं प्रतल. दोन प्रतलं ज्या रेषेत छेदतात तोच अग्निगोलाचा मार्ग. दोघांनी रेघेचे वेगवेगळे तुकडे पाहिले असले तरी चालतं. प्रतलांमधला कोन मात्र 20 अंशांहून कमी असला तर छेदरेषा डळमळीत होते. अग्निगोल दोन्ही गावांना जोडणाऱ्या रेषेच्याच प्रतलात गेला तर कितीही नीट मोजा, त्या दोघांवरून मार्ग निघत नाही. अशा वेळी रेषेपासून बाजूला असलेलं तिसरं ठिकाण लागतंच.

आपल्या उदाहरणात मार्ग शिरपूरच्या पश्चिमेला 85 किलोमीटर उंचीवर सुरू झाला आणि 45 अंशांच्या उताराने पूर्वेकडे येत 30 किलोमीटरवर संपला, असं धरू. लांबी 78 किलोमीटर.

दगड कुठे शोधायचा

तेज विझल्यावर दगडाचा वेग झपाट्याने उतरतो आणि शेवटी तो जवळजवळ सरळ खाली, काही मिनिटं अंधारात पडत राहतो. मार्गाची रेषा तशीच जमिनीपर्यंत वाढवली तर या उदाहरणात ती आणखी 30 किलोमीटर पूर्वेला टेकेल, आणि तिथे काहीही सापडणार नाही. दगड विझण्याच्या बिंदूपासून थोडेच किलोमीटर पुढे असतात. मोठे सगळ्यात पुढे, लहान मागे, लांबट पट्ट्यात.

त्यावर वाऱ्याचं काम. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, पावसाळ्यात त्याहून वर पूर्वेकडून. किलोभराचा दगड त्याने थोडा हलतो, सुपारीएवढा खूप सरकतो. उदाहरणातला मार्ग पूर्वेकडे जाणारा आणि डिसेंबरचा वाराही पूर्वेकडे ढकलणारा, त्यामुळे मागे पडणारे लहान तुकडे पुढे सरकून पट्टा आखूड होईल. हेच जुलैत घडलं असतं तर लहान तुकडे आणखी मागे जाऊन पट्टा लांबला असता. हवामान खात्याचे फुगे पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सोडले जातात. मुंबई, नागपूर, अहमदाबाद इथल्या नोंदी वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. घटनेच्या वेळेला सगळ्यात जवळची नोंद घ्या.

शोधाची खरी अडचण आपली जमीन आहे. सातपुडा काय आणि अजिंठ्याचे डोंगर काय, सगळीकडे काळा बेसाल्ट, आणि अशनीची सालही काळी. चुंबकाची परीक्षा इथे फसवी, कारण बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असतं आणि चुंबक त्यालाही ओढला जातो. काळेपणा आणि चुंबक, दोन्ही बाजूला ठेवा. साल पाहा: ताज्या अशनीची साल पातळ असते, अर्ध्या-एक मिलिमीटरची, आणि तुटलेल्या कडेला आतला फिकट राखाडी गाभा दिसतो. बेसाल्ट आतूनही काळाच निघतो. अशनीत सहसा हवेच्या बुडबुड्यांची भोकं नसतात, आपल्या दगडांत ती भरपूर असतात. तापीच्या गाळाच्या शेतांत मात्र काम सोपं आहे. तिथे मुळात दगडच कमी, त्यामुळे कालपर्यंत नसलेला दगड शेतकऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून आधी गाळाची शेतं पालथी घाला, मग डोंगर. यावल अभयारण्याच्या बाजूला जायचं झालं तर वनविभागाची परवानगी आधी काढा.

दगड सापडला की जागेवरच फोटो, अक्षांश-रेखांश, खड्डा असेल तर त्याची खोली. धुऊ नका, चुंबक लावू नका, कारण चुंबकाने दगडातली जुनी चुंबकीय नोंद बिघडते. स्वच्छ पिशवीत ठेवा आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशात पडलेले अशनी जपण्याचं काम त्यांचं आहे. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला पडलेले तुकडेही त्यांनी गोळा केले होते. घाई करा, कारण अवकाशातल्या किरणांमुळे दगडात तयार झालेले काही किरणोत्सारी अणू लगेच संपतात. सोडियम-24 चं अर्धायुष्य 15 तासच आहे. अशा मोजणीचा अनुभव अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेला आहे, आणि खानदेशातून अहमदाबाद एका रात्रीच्या प्रवासावर.

कक्षा

इथून पुढे साक्षीदारांचं काम संपतं. 78 किलोमीटरची वाट 4.7 सेकंदांत गेली तर सरासरी वेग 16.6 किलोमीटर. कोणी "चार सेकंद" म्हणालं तर तोच वेग 19.5 होतो, "साडेपाच" म्हणालं तर 14.2. दोघंही प्रामाणिक आहेत, पण अशा आकड्यांवर कक्षा उभी राहत नाही. कॅमेऱ्यात 25 फ्रेमच्या गतीने हीच घटना सुमारे 117 फ्रेममध्ये मोजली जाते. आधी तो कॅमेरा खरंच 25 फ्रेम घेतो का, की रात्री 12-15 वर येतो, हे सेकंदकाट्याचं घड्याळ त्याच्यासमोर धरून पाहा.

सरासरी वेगही पुरत नाही. हवेने अडवण्याआधीचा वेग हवा, म्हणून सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांतल्या फ्रेमवरून तो काढा. आपल्या उदाहरणात 17.5 धरू. मग तीन दुरुस्त्या. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, आपल्या अक्षांशावर सेकंदाला 0.43 किलोमीटर पूर्वेकडे. अग्निगोलही पूर्वेकडेच चालला होता, म्हणून ही गती मिळवून खरा वेग 17.8 येतो. पुढे पृथ्वीच्या ओढीने वाढलेला वेग वजा करायचा: 17.8 च्या वर्गातून पृथ्वीच्या मुक्तिवेगाचा, म्हणजे 11.2 चा, वर्ग वजा करून वर्गमूळ घेतलं की 13.8. याच ओढीने मार्ग वाकतो, आणि उगमाची दिशा या उदाहरणात सहा अंशांनी क्षितिजाकडे सरकवावी लागते. शेवटी सूर्याभोवतीचा पृथ्वीचा वेग, सरासरी 29.8, दिशेसह मिळवायचा. इथे घटनेची वेळ लागते, कारण पृथ्वी कोणत्या दिशेने चालली होती ते तारीख आणि वेळेवरूनच कळतं. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायला विसरू नका. डिसेंबरातल्या सव्वादोनला पश्चिमेच्या त्या दिशेने आलेल्या दगडाचा सूर्यसापेक्ष वेग 38 च्या आसपास निघतो.

या एका आकड्यावरून कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष, म्हणजे लंबवर्तुळाच्या लांबीचा अर्धा भाग, मिळतो. 38 ला 29.8 ने भागा, वर्ग करा, तो 2 मधून वजा करा आणि 1 ला त्या उत्तराने भागा. येतं 2.7 खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांतलं सरासरी अंतर), म्हणजे मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात. आता 38 ऐवजी 39 घालून पाहा: 3.5. आणि 37 घातले तर 2.2. मूळ मोजमापात सेकंदाला एका किलोमीटरची चूक जवळपास तशीच इथे उतरते आणि दगडाचं घर पट्ट्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जातं. म्हणून कक्षेसोबत तिची अनिश्चितता लिहिली नसेल तर त्या कक्षेला अर्थ नाही.

विकेंद्रता (कक्षा किती लांबट), कल (ती पृथ्वीच्या कक्षेशी किती तिरपी), पाताची दिशा (ती पृथ्वीच्या कक्षेचं प्रतल कुठे छेदते) हे बाकीचे घटक हाताने काढण्यात वेळ घालवू नका. ग्लोबल मीटिअर नेटवर्क या स्वयंसेवी जाळ्याची मोफत सॉफ्टवेअर ताऱ्यांवरून कॅमेरा मोजण्यापासून कक्षेच्या अनिश्चिततेपर्यंत सगळं करून देतात. त्यांचा कॅमेराही सीसीटीव्हीच्याच जातीचा असतो, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडलेला. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या एकेका कॉलेजच्या गच्चीवर असा कॅमेरा बसला तर तिन्ही गावं मिळून सातपुड्यापासून अजिंठ्यापर्यंतचं आकाश झाकतील, आणि तारे दिसत असल्यामुळे वर सांगितलेली चंद्र-शुक्राची खटपट उरणार नाही. तोवर साक्षीदारांचे अहवाल आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या ऑनलाइन अर्जात भरा. मूळ फाइली, डीव्हीआरच्या घड्याळाचे फोटो आणि कोनांची वही स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर दगड अभ्यासणाऱ्यांच्या हाती द्या.